नाकातल्या टॅनिंग स्प्रेची एक्सपायरी ठरवली कुणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत परवा एकीने विचारलं होतं की नाकात मारायचा टॅनिंग स्प्रे, म्हणजे त्वचा सावळी करायचा फवारा, ठेवायचा कुठे आणि तो किती दिवस चालतो. उत्तर छापलंय, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा. बस्स, विषय संपला. मी सकाळी चहा घेता घेता वाचलं आणि कप तसाच खाली ठेवला, कारण हाच प्रश्न दोनच आठवड्यांपूर्वी माझ्या भाचीने मला विचारला होता आणि तिला मी जे सांगितलं ते या उत्तराच्या बरोब्बर उलट होतं.

मी औषध कंपनीच्या स्टॅबिलिटी लॅबमध्ये नोकरी केली, आता रिटायर झालेय. स्टॅबिलिटी म्हणजे काय तर औषध किती दिवस टिकतं ते बघत बसायचं, अक्षरशः बसायचं. खोलीएवढी कपाटं असतात, एकात 25 डिग्री आणि 60 टक्के दमटपणा, दुसऱ्यात 30 डिग्री आणि 75 टक्के, तिसऱ्यात 40 डिग्री आणि 75 टक्के, आणि त्यात बाटल्या ठेवून द्यायच्या. काही उभ्या, काही आडव्या, काही चक्क उलट्या, म्हणजे आतलं पाणी झाकणाच्या रबराला लागून काय होतं तेही कळतं. मग तीन महिन्यांनी काढायच्या, सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस, आणि दर वेळी मशीनवर लावून बघायचं की मुख्य औषधाचा डोंगर ग्राफवर किती खाली आला आणि त्याच्या शेजारी नवे बारके बारके उंचवटे कुठे उगवले. ते उंचवटे म्हणजे औषध मोडून झालेल्या भलत्याच गोष्टी. एवढं सगळं झालं की मग कुठे लेबलवर एक तारीख छापायची परवानगी मिळते. ती तारीख म्हणजे कुणीतरी सहीनिशी दिलेला शब्द असतो.

भाची आली, पर्समधून एक छोटी बाटली काढली, 10 मिलीची असेल, आणि म्हणाली, "मावशी, तू लॅबमध्ये होतीस ना, सांग ना हे फ्रिजमध्ये ठेवू की बाहेर? आणि याला उघडून दोन महिने झालेत, अजून चालेल का?" मी चष्मा लावून बाटली फिरवून फिरवून बघितली. सोनेरी सूर्याचं चित्र, खाली "12 महिने चांगलं राहील" अशा अर्थाची एक ओळ. बॅच नंबर नाही, कुठल्या महिन्यात बनवली ते नाही, कुणी बनवली ते नाही, आत काय आणि किती मिलीग्रॅम ते नाही. आता मला सांगा, बनवल्याची तारीखच नाही तर 12 महिने मोजायचे कुठून? मी तिला तेच विचारलं तर म्हणाली, "मी घेतल्यापासून गं." घेतल्यापासून! आणि त्याआधी ती बाटली कुठल्या गोदामात, कुठल्या तापलेल्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये किती दिवस पडून होती ते देव जाणे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा असतं मेलानोटान 2. आपल्या शरीरात त्वचेला रंग धरायला सांगणारं एक हार्मोन असतं, तेरा अमिनो आम्लांची माळ, त्याची ही माणसाने बनवलेली नक्कल, सात अमिनो आम्लांची आणि कड्यासारखी वळवलेली. 1980 च्या दशकात अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठात या हार्मोनच्या नकलांवर काम सुरू झालं तेव्हा हेतू चांगला होता, उन्हात न भाजता त्वचा सावळी झाली तर कॅन्सर कमी होईल का बघू म्हणून. पण मेलानोटान 2 ला टॅनिंगसाठी औषध म्हणून कुठेच मंजुरी मिळाली नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2007 मध्ये आणि ब्रिटनच्या एमएचआरएने 2008 मध्ये, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थांनी, याबद्दल इशारे दिले, तेव्हा लोक इंजेक्शन घ्यायचे, आता तेच नाकात मारतात, कारण सुईची भीती गेली की धोकाही गेला असं वाटतं.

आता टिकण्याचं. रेणूवर उगाच खापर फोडणार नाही, हा रेणू तसा चिवट आहे. मूळ हार्मोनमध्ये एक अमिनो आम्ल हवेने लगेच खराब होतं, ते इथे बदललेलं आहे, आणि कडं असल्यामुळे शरीरातली एन्झाइम्स त्याला चटकन तोडू शकत नाहीत. लोक हेच वाचून येतात आणि म्हणतात बघा टिकतं की. अहो, पण एन्झाइमला पुरून उरणं वेगळं आणि पाण्यात, प्लॅस्टिकच्या बाटलीत, खिडकीतल्या उजेडात आठ आठवडे राहणं वेगळं. त्याच कड्यात ट्रिप्टोफॅन म्हणून एक अमिनो आम्ल आहे, त्याला उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाही. शिवाय असली पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळा, थोडी थोडी प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतात, म्हणजे बाटलीत दिसतंय भरपूर पण पाण्यात असतं कमी. आणि हे डोळ्यांनी कळत नाही हो. भाची म्हणाली, "अगं बघ ना किती स्वच्छ आहे, वासपण नाही." लॅबमध्ये मी अशा कितीतरी बाटल्या बघितल्यात ज्या काचेसारख्या स्वच्छ होत्या आणि मशीनवर लावल्या की नापास. गढूळ झालं तर खराब आहे हे नक्की, पण स्वच्छ आहे म्हणजे चांगलं आहे हे कुठल्या शास्त्रात बसत नाही.

तुमच्या उत्तरातलं "फ्रिजमध्ये महिनाभर" कुठून आलं असेल त्याचा मला अंदाज आहे. पुन्हापुन्हा सुई घालून औषध काढायच्या ज्या इंजेक्शनच्या बाटल्या असतात ना, प्रिझर्व्हेटिव्ह घातलेल्या, त्या उघडल्यावर 28 दिवसांनी टाकायच्या असा नियम दवाखान्यांत पाळतात. हे पेप्टाइड पावडरीतून घेऊन घरी कालवणारे लोक जे पाणी वापरतात त्यात 0.9 टक्के बेंझाइल अल्कोहोल असतं, तेही प्रिझर्व्हेटिव्हच, त्यामुळे त्यांनी तो 28 दिवसांचा आकडा उचलला, आणि तिथून तो नाकाच्या बाटलीला येऊन चिकटला. पण तो आकडा मुळात औषध किती टिकतं याचा नाहीच! तो जंतूंचा आहे. प्रिझर्व्हेटिव्हची परीक्षा घेताना आम्ही मुद्दाम बाटलीत जंतू सोडायचो, बॅक्टेरिया, यीस्ट, बुरशी सगळं, आणि पुढे 28 दिवस मोजत राहायचं की मेले का वाढले. या परीक्षेत पास झालेली बाटली आणि सूर्याचं चित्र असलेली बाटली एकाच तागडीत कशी घालणार?

आणि नाक म्हणजे काय स्वच्छ जागा नाही. नळी नाकाला लागते, शेंबूड लागतो, पंप दाबून सोडला की बऱ्याच साध्या पंपांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि टोकावरचं जे काही असेल ते तिच्याबरोबर आत जायची सोय होते. फ्रिजमध्ये ठेवलं तर जंतूंची वाढ मंदावते, मरत नाहीत ते. नीट कारखान्यात, नियमाने बनवलेले सर्दीचे नाकातले स्प्रेसुद्धा स्यूडोमोनास किंवा बर्कहोल्डेरिया जातीचे जंतू सापडले म्हणून बाजारातून परत मागवावे लागलेत, मग कुणाच्या तरी ओट्यावर कालवलेल्या बाटलीचं काय सांगावं. भाचीने तर वर सांगितलं की ती आणि तिची मैत्रीण एकच बाटली वापरतात! मी फक्त बघत राहिले.

आता खरी गंमत सांगते, म्हणजे माझ्यासारखीलाच वाटेल अशी गंमत. याच घराण्यातली ही दोन औषधं बघा, रीतसर मंजूर आहेत. एक अफामेलानोटाइड, म्हणजे मेलानोटान 1, उजेड सहन न होणाऱ्या एका दुर्मिळ आजारासाठी, युरोपात 2014 मध्ये आणि अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं, कातडीखाली ठेवायची 16 मिलीग्रॅमची बारीक कांडी असते. ती ठेवायची फ्रिजमध्ये, 2 ते 8 डिग्रीला. दुसरं ब्रेमेलानोटाइड, हे तर मेलानोटान 2 वरूनच निघालेलं, बायकांच्या कामेच्छेच्या तक्रारीवर अमेरिकेत 2019 मध्येच मंजूर झालं, त्याचं इंजेक्शन ठेवायचं 25 डिग्रीच्या आत, बाहेरच. एका घरातली भावंडं पण एकाला फ्रिज आणि एकाला कपाट. का? कारण कुठे ठेवायचं हे रेणूवरून ठरत नाही, तो कशात कालवलाय, आम्लता किती, बाटली कसली, झाकण कसलं, या सगळ्या संसारावरून ठरतं आणि ते तपासून बघितल्याशिवाय कळत नाही. अजून एक बघा, हाडांसाठी कॅल्सिटोनिनचा नाकातला स्प्रे येतो, तोही पेप्टाइडच. त्याच्या एका ब्रँडच्या लेबलवर लिहिलेलं असतं की न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आणि वापरायला काढली की बाहेर, उभी, आणि 35 दिवसांत टाकून द्या. म्हणजे तुमच्या उत्तराच्या अगदी उलटं! उघडल्यावर फ्रिजमध्ये टाका हा आपला सगळ्यांचा अंदाज असतो, दूध-दह्यावरून आलेला.

मंजूर असलेल्या कुठल्याही नाकातल्या स्प्रेबद्दल विचाराल तर मी आनंदाने सांगेन, लेबलवर जे लिहिलंय ते करा, फ्रिज सांगितला असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवू नका कारण दार उघडलं की तिथलं तापमान हलतं, मागच्या भिंतीला टेकवूनही नको कारण तिथे गोठू शकतं आणि गोठलं की काही पेप्टाइडांच्या गुठळ्या होतात, बाथरूममध्ये नको, गाडीत तर नकोच, उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा, नळीचं टोक पुसून झाकण लावा, दुसऱ्याला देऊ नका. पण यातलं एकही वाक्य त्या टॅनिंगच्या बाटलीला लावलं तर फक्त एवढंच होतं की ती औषधासारखी दिसायला लागते. माझी तक्रार तीच आहे. उत्तर देणाऱ्याने नीट ठेवायची पद्धत सांगितली म्हणजे ती वस्तू नीट आहे असं वाचणाऱ्याला वाटलं.

अजून एक गोष्ट त्या उत्तरात यायला हवी होती. जुनी बाटली कमजोर झाली की माणूस काय करतो? दोन फवारे होते तिथे चार मारतो. मग नवी बाटली येते, तिच्यात काय ताकद आहे ते कुणालाच माहीत नाही आणि हाताला सवय चारची. भाचीचं तेच झालं. मळमळ, तोंड लालेलाल, दोन दिवस जेवण नको. तिला वाटलं पित्त झालं. मळमळ, चेहऱ्यावर लाली आणि भूक मरणं हे या रेणूचे नेहमीचेच प्रकार आहेत, आणि तीळ काळे पडणं, नवे तीळ येणं हाही. वापरणाऱ्यांमध्ये मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, सापडल्याच्या केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात. तो याच्यामुळेच झाला असं त्यावरून सिद्ध होत नाही, कारण यातले बरेच जण ऊन आणि सनबेडही (त्वचा सावळी करायचे दिव्यांचे पलंग) वापरत असतात, पण काळा पडणारा तीळ दिसला तर थांबून राहायचं नसतं एवढं तरी त्यातून कळतं.

भाचीला मी शेवटी म्हटलं, बाई, ही फ्रिजमध्येही नको आणि बाहेरही नको. तिने तोंड वाकडं केलं, पैसे घातलेत म्हणाली, मग बाटली माझ्याकडेच ठेवून गेली. जाताना केस बांधायला हात वर केले तेव्हा खांद्यावरचा तीळ दिसला, लहानपणापासूनचा, मी तिला आंघोळ घालायचे तेव्हा फिक्कट चॉकलेटी होता. आता जवळजवळ काळा झालाय आणि एका बाजूने कड पसरल्यासारखी वाटली. त्याच आठवड्यात तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी तो काढून तपासायला दिलाय.

तुम्ही पुढच्या अंकात त्या उत्तराखाली दुरुस्ती छापावी ही विनंती. फार लिहू नका हवं तर, एवढंच लिहा की या स्प्रेची टिकण्याची मुदत कुणी तपासलेली नाही त्यामुळे ती आम्ही सांगू शकत नाही, आणि वापरून झालं असेल तर तीळ डॉक्टरांना दाखवा. तिचा रिपोर्ट अजून यायचाय.

आपली,
एक जुनी वाचक