नाझ्का म्हणजे फक्त रेषा नाहीत

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला पेरूमधल्या नाझ्का रेषांवरचा, म्हणजे प्राचीन नाझ्का लोकांनी वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड चित्रांवरचा लेख वाचला. छान आहे, पण अख्खा लेख विमानातून दिसणाऱ्या चित्रांवर आणि अर्धा तर परग्रहवासीयांवर (हे आता तरी बंद करा राव!), आणि त्याच लोकांनी विणलेल्या कापडांबद्दल एक ओळ नाही, हे काही पटलं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये साधारण इ.स. १०० ते ३०० मधलं एक नाझ्का वस्त्र आहे, दीड मीटरही लांब नाही, मधलं कापड सुती आणि काठाला लामा-अल्पाका जातीच्या प्राण्यांच्या लोकरीतून सुईने गुंफलेल्या जवळपास ९० छोट्या आकृत्या, कुणाच्या हातात रोपं, कुणाच्या हातात कापलेलं मुंडकं. वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे असली कापडं थडग्यांमध्ये इतकी वर्षं टिकली, रंगासकट. त्या लोकांचं शेत, देव, पोशाख समजून घ्यायचे तर रेषांपेक्षा या काठात जास्त सापडतं, कारण रेषेतला पक्षी नुसता पक्षीच राहतो, इथे माणसं दिसतात. पुढच्या लेखात या कापडाचा एक मोठा रंगीत फोटो तेवढा नक्की छापा.

– एक वाचक, पुणे