हीटर घेण्याआधी वळचणीकडे बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पारा उणे पंधराच्या खाली उतरलाय, तेव्हा खुराड्यात कुठला हीटर लावू, असं तू विचारलंयस. पण त्याच पत्रात तू एक ओळ सहज लिहून गेलायस. थंडी आत येऊ नये म्हणून वरचे झरोके चिंध्या कोंबून बुजवलेस आणि सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसते. मला तुझ्या प्रश्नापेक्षा त्या ओळीची काळजी वाटली. हीटरचं बघू नंतर. आधी त्या चिंध्या काढ.

कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. पिसं पूर्ण भरलेली, पोट भरलेलं आणि अंग कोरडं असेल, तर चांगल्या जातीची मोठी कोंबडी उणे १५, उणे २० ची रात्र बिनतक्रार काढते. पिसं फुगवून ती अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते. तेच तिचं पांघरूण. पायांची सोय वेगळी आहे. खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नसा वर येणाऱ्या गार रक्ताच्या नसांना लगटून असतात, त्यामुळे ऊब पंजापर्यंत वाया न जाता वरच्या वर परत फिरते. एखादी एका पायावर उभी दिसली तर घाबरू नकोस. दुसरा पाय पोटाखाली शेकत असतो.

हे पांघरूण बिघडतं ते ओलीने. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. तुझ्या आठ, म्हणजे दोन लिटर. अंड्यात जातं ते सोडलं तर बाकीचं सगळं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. खुराडं बंद असेल तर ही वाफ जाणार कुठे? गार छताला लागून तिचं दव होतं, ते कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीवर ठिबकतं, पिसं दमट होतात आणि तुऱ्यावर ओलीचा पातळ थर बसतो. मग उणे पाच-सहालाही तुऱ्याची टोकं काळी पडतात. कोरड्या खुराड्यात त्याच जातीची कोंबडी उणे पंधराला धडधाकट असते.

गार हवा आत घेऊन खुराडं कोरडं कसं होईल, असं तू म्हणशील. उणे १५ अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर दीड ग्रॅम वाफ मावते, तर शून्य अंशाच्या हवेत जवळपास पाच ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन थोडी जरी गरम झाली, तरी ती कोरड्या टिपकागदासारखी वाफ शोषते आणि वरून निघून जाते. तू बंद केलास तो नेमका हा रस्ता.

झरोके वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींवर, आणि कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या किमान फूटभर वर असावेत. एरवी पक्ष्यामागे एक चौरस फूट उघडी जागा धर. कडाक्यात निम्मी झाकलीस तरी चालेल, पण झाकायची ती वाऱ्याच्या बाजूची. आडोशाची बाजू रात्रंदिवस उघडी. तोंडाला १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी मार. षट्कोनी पातळ जाळी नको, तिच्या भोकातून विजेल, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, आत शिरतो.

मात्र झरोका वेगळा आणि झोत वेगळा. दांडीच्या उंचीवर किंवा तिच्या खाली भिंतीत फट असेल, तर रात्रभर वारा पिसांत शिरून ती विस्कटतो. त्या फटी मात्र पक्क्या बुजव. तपासायला एक सुटं मऊ पीस दोऱ्याला बांधून दांडीच्या उंचीवर टांग. बाहेर वारा असताना ते हललं नाही पाहिजे. तसंच दुसरं पीस झरोक्याशी धरलंस तर ते हललं पाहिजे. इतकी साधी परीक्षा पुरते. जोडीला आर्द्रता दाखवणारा एक छोटा मापक आत लाव. आकडा ५० ते ७० टक्क्यांत हवा. सत्तरच्या वर राहिला तर झरोका वाढव. तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशच जास्त दिसलं तर मन कच्चं करू नकोस, ते तसंच असायचं.

नाकालाही कामाला लाव, पण गुडघे टेकून. अमोनियाचा वास जमिनीलगत, कोंबडीच्या उंचीवर घ्यायचा. तुझ्या नाकाला तो जाणवला म्हणजे तिच्या डोळ्यांना आणि श्वासनळीला आधीच बाधायला लागलेला असतो.

आता दांडी. गोल काठी काढून टाक. चार इंच रुंद, दोन इंच जाड लाकडी पट्टी आडवी, रुंद बाजू वर करून बसव. कोंबडी तिच्यावर तळपाय सपाट टेकते आणि वरून पोटाची पिसं बोटं पूर्ण झाकतात. गोल काठीवर बोटांची टोकं खालून उघडी राहतात. लोखंडी पाइप तर नकोच, तो पायातली ऊब ओढून घेतो. पक्ष्यामागे दहा इंच जागा पुष्कळ. थंडीत त्या चिकटूनच बसतात. दांडीखाली एक फळी लाव आणि रोज सकाळी खरवडून काढ. विष्ठेचा मोठा भाग रात्रीच पडतो, आणि या थंडीत ती गोठल्यामुळे खरवडायला सोपी जाते. या दोन मिनिटांच्या कामाने खुराड्यातली ओल बरीच कमी होते.

खाली गादी पद्धत ठेव. रंध्याचा सुका, धूळ नसलेला भुसा १५ सेंटीमीटर जाड पसरून सुरुवात कर. दबला की वर तीन-चार सेंटीमीटर नवा घाल, असं करत हिवाळा संपेपर्यंत ती फूटभर होते. देवदारी वासाचा भुसा टाळ, त्याचं तेल श्वासनळीला झोंबतं. मूठभर गादी दाबून बघायची. हात उघडल्यावर मोकळी झाली तर छान, गोळा तसाच राहिला तर ओली. ओली जागा उचलून बाहेर टाक, तिच्यावर नवा भुसा घालून झाकू नकोस. दुपारी मूठभर धान्य गादीवर उधळलंस की कोंबड्या ती स्वतःच उकरून वरखाली करतात. गादी आतून कुजते म्हणून खुराडं तापतं असं लोक सांगतात. कडाक्यात एवढ्याशा गादीतून फारशी ऊब निघत नाही. ती जमिनीचा गारठा तोडते आणि ओल पिते, तेवढ्यासाठीच तिला ठेवायची.

हिवाळ्यातलं खरं कष्टाचं काम पाण्याचं. पाणी गोठलं की कोंबडी खाणंही कमी करते, आणि खाणं कमी झालं की अंगातली भट्टी मंदावते. वीज ओढायची नसेल तर दोन जाड रबरी घमेली घे. एक आत, एक बाहेर. दिवसातून तीनदा कोमट पाणी घालून अदलाबदल. रबराचं घमेलं उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची चकती सुटते, प्लॅस्टिक तडकतं. वीज चालत असेल तर थर्मोस्टॅट असलेली, भांडं गरम ठेवणारी बैठक मिळते. ती बहुधा धातूच्या भांड्यासाठी असते, तिच्यावर प्लॅस्टिक ठेवू नकोस. कळपात कोंबडा असेल तर मात्र घमेल्यासारखं पसरट उघडं भांडं त्याला घातक. पिताना त्याचे हनुवटीखालचे लांब कल्ले पाण्यात बुडतात आणि बाहेर आल्यावर गोठतात. अरुंद कडेचं भांडं, त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेव. रात्री पाणी खुराड्यात ठेवायची गरज नाही. अंधारात त्या पीत नाहीत, नुसती वाफ वाढते. मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवायचा उपाय तू लिहिलायस, तो सोड. बाटली गळली तर ते मीठ कोंबडीच्या पोटात जाईल.

खाद्य एरवी पक्ष्याला ११०-१२० ग्रॅम लागतं, आता त्याहून जास्त संपेल. हात आखडू नकोस, भांडं दिवसभर भरलेलं असू दे. मुख्य खाद्य लेयरचंच, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं, साधारण १६ टक्के प्रथिनांचं. पिसं झडून नवी येत असतील तोवर १८ ते २० टक्क्यांचं दे, कारण पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी तासभर, पक्ष्यामागे दहा-पंधरा ग्रॅम मक्याचा भरडा टाक. अन्नपिशवी भरलेली राहिली की रात्रभर पचनाची ऊब मिळते. मक्यावर प्रेम जास्त करू नकोस. त्याने चरबी चढते आणि लेयर खाद्य मागे पडतं. बर्फामुळे त्यांना जमिनीवरचे खडे मिळत नाहीत, म्हणून ग्रिट, म्हणजे बारीक खडे, वेगळं ठेव आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. कोमट ओलं खाद्य द्यायचंच तर पंधरा मिनिटांत संपेल एवढंच.

अंडी कमी झाली ती थंडीपेक्षा दिवस लहान झाल्यामुळे. चौदा तास उजेड लागतो. पहिल्या हिवाळ्यातल्या तलंगा बहुतेक वेळा तशाही घालत राहतात, जुन्यांना मात्र विश्रांती घेऊ दिलेली मला बरी वाटते. तुला अंडी हवीच असतील तर छोटा पिवळसर एलईडी टायमरवर लाव आणि उजेड पहाटे वाढव, आठवड्याला अर्धा तास या हिशेबाने. संध्याकाळी वाढवलास आणि दिवा पटकन विझला, तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात. अंडी दिवसातून तीन वेळा गोळा कर. गोठून तडकलेलं अंडं टाकून दे.

आणि तुझा हीटर. २५० वॅटचा लाल दिवा खुराड्यात टांगू नकोस, हे मी आग्रहाने सांगतो. सुका भुसा, पिसं, बारीक धूळ आणि पंख फडफडवणारा पक्षी, एवढं सगळं एका क्लिपच्या भरवशावर असतं. हिवाळ्यात खुराडी जळतात ती बहुतेक यानेच. शिवाय कोंबड्या उबेला सरावल्या आणि मध्यरात्री वीज गेली, तर एका झटक्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक त्यांना सोसावा लागतो. फुटू नये म्हणून टेफ्लॉनसारखा लेप दिलेले बल्ब मिळतात, ते तर हातातही घेऊ नकोस. तापल्यावर त्या लेपातून निघणारी वाफ पक्ष्यांना मारते. रॉकेल किंवा गॅसची शेगडी बंद जागेत चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणं. हिवाळ्यातच पिसं झडून उघडी पडलेली, आजारी, किंवा रेशमी केसांसारखी पिसं असलेली सिल्की जात असेल, अथवा पारा आठवडाभर उणे तिसाखाली बसणार असेल, तर भिंतीला लावायचा चपटा रेडिएंट पॅनेल चालेल. तो दांडीच्या एका टोकाला लाव, म्हणजे हवं तिने जवळ जावं, नको तिने लांब.

जातीचा फरक पडतोच. उभा मोठा एकेरी तुरा असलेली लेगहॉर्न सगळ्यात आधी त्रास काढते. वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटलेला असतो, ब्रह्माचाही बुटका. शँटेक्लेर ही जात तर कॅनडाच्या क्यूबेकमधल्या ओका गावच्या मठात मुद्दाम कडाक्यासाठी घडवली गेली. तिला तुरा आणि कल्ले जवळजवळ नसतातच. ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात, त्यांत बर्फाचे गोळे अडकतात. संध्याकाळी तेवढे बघत जा.

तुऱ्याला पेट्रोलियम जेली लावू का, हा तुझा प्रश्न राहिला. लाव, नुकसान नाही, पण तिने हिमदंश थांबेल या भरवशावर राहू नकोस. हिमदंश झालाच तर आधी भाग फिकट, मेणासारखा दिसतो, मग सुजतो, नंतर काळा पडतो. चोळू नकोस, केस वाळवायचं यंत्रही नको. तुरा असेल तर पक्षी गोठणबिंदूच्या जरा वर असलेल्या शांत जागी ने. पंजा असेल तर ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धर, कोरडा कर, आणि मग त्याला लगेच गारठ्यात सोडू नकोस, कारण वितळून पुन्हा गोठलेला भाग सहसा वाचत नाही. काळं टोक कापू नकोस. ते खालच्या जिवंत मांसावरचं झाकण असतं, काही आठवड्यांत आपोआप गळतं. पंजा काळा पडला किंवा पू दिसला तर पशुवैद्याकडेच.

अंगणाच्या जाळीला वाऱ्याच्या बाजूने जाड पारदर्शक प्लॅस्टिक लाव, वरची फूटभर पट्टी मोकळी सोडून. बर्फावर पेंढा पसर. कोऱ्या बर्फावर बऱ्याच कोंबड्या पाऊलच टाकत नाहीत, मग दिवसभर आत कोंडून एकमेकींची पिसं उपटतात. वरची नायलॉनची जाळी ओल्या बर्फाच्या वजनाने बसते, तेव्हा बर्फ पडताच झटक. आत एका टबात सुकी माती आणि लाकडाची राख ठेव. धुळीत लोळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि काही माइट, म्हणजे पिसांत राहणारे बारीक परजीवी, नेमके हिवाळ्यातच वाढतात. पंधरवड्याला रात्री एकेकीला उचलून शेपटीखालची पिसं विजेरीने बघ. वजनही तेव्हाच हाताला कळतं. फुगलेल्या पिसांखाली छातीचं हाड धारदार लागलं तर ती उपाशी राहतेय.

चिंध्या आज काढ, आणि पुढच्या तीन सकाळी आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि आर्द्रता, एवढे आकडे मला लिहून पाठव. काचेवर नक्षी येते की नाही तेही. मग हीटरबद्दल बोलू.

तुझा,
मित्र

ता. क. कोंबड्यांसाठी लोकरीचे स्वेटर विणायचा बेत तू घरात कोणाला सांगितला नसशील तर सांगूही नकोस. स्वेटरखाली पिसं दबतात, हवेचा थर जातो, लोकर ओल धरते आणि माइट आत सुखाने नांदतात.