श्रीरामपूरच्या दफनभूमीत मराठीची एक पाटी लावा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. केंद्राच्या त्याच निर्णयात बंगालीही होती. आपल्याकडे पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले. पंगतीत शेजारी कोण बसले आहे याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बंगालमधल्या एका गावाचे मराठीवर जुने देणे आहे. ते फेडण्याचे काम आपल्या खात्याचे आहे, म्हणून हे पत्र.

गावाचे नाव श्रीरामपूर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे, हावड्याहून लोकलने तासाभराच्या आत गाठता येणारे. १७५५ ते १८४५ तिथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० साली डॅनिश गव्हर्नर ओले बी यांच्या आश्रयाने इथे बस्तान बसवले. केरी मूळचे जोडे शिवणारे, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छपाईतले. १८१८ मध्ये तिघांनी मिळून काढलेले कॉलेज नदीकाठी आजही चालू आहे. पदव्या देण्याची सनद त्याला १८२७ साली थेट डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली.

हे तिघेही गावातल्या मिशनच्या दफनभूमीत विसावले आहेत. वॉर्ड १८२३ मध्ये गेले, केरी १८३४ मध्ये, मार्शमन १८३७ मध्ये. आपल्या दगडावर काय कोरायचे हे केरींनी आधीच बजावून ठेवले होते : नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एका स्तोत्रातल्या दोन ओळी. त्यांत ते स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवतात. बाकी काही नाही. त्यामुळे या माणसाने मराठीचे व्याकरण लिहिले, हे तो दगड सांगत नाही.

ते व्याकरण १८०५ चे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचे तरुण साहेब देशी भाषा शिकत. केरी तिथे बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. मराठी शिकवायला पुस्तकच नव्हते, म्हणून ते लिहिणे आले. तेव्हा मराठी रोजच्या व्यवहारात मोडीत लिहिली जाई, पण मोडीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, तयार नव्हते; म्हणून व्याकरण देवनागरीत छापले. पुढे मोडीचे खिळे पाडले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश यायला अजून एकवीस वर्षे होती. पुण्यात पेशवाई नांदत होती, दफ्तरेच्या दफ्तरे बोरूने लिहिली जात होती आणि मोडीची अक्षरे शिशात ओतली जात होती ती हुगळीच्या काठी!

मंत्रिमहोदय, आता कळीचा मुद्दा. हे काम एकट्या केरींचे नव्हते, असणे शक्यही नव्हते. त्यांच्यासोबत वैजनाथ पंडित होते, नागपूरकडचे. ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५), ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही श्रीरामपूरला छापलेली मराठी पुस्तके त्यांच्या हातची. मुद्रित मराठी गद्याचा इतिहास सांगताना यांना वगळून पुढे जाताच येत नाही. आणि खिळे? या छापखान्याला अक्षरे दिली ती पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्यांच्यामागे त्यांचे जावई मनोहर यांनी. मार्च १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली, कागद आणि हस्तलिखिते जळाली, खिळ्यांचे शिसे वितळले. ठसे मात्र राखेतून शाबूत निघाले. त्यांच्यावरून नवे खिळे ओतून काम पुन्हा उभे राहिले.

पंडिताला कबर नसते, कर्मकारालाही नसते. दफनभूमीत फिरणाऱ्याला तीन इंग्रजांची नावे दिसतात आणि तो समजतो की सगळे यांनीच केले.

‘ते तर धर्मांतर करायला आले होते’ हा आक्षेप येणारच. आले होते, त्यांनी ते लपवलेही नाही. व्याकरण साहेबांसाठी होते, बायबलचा मराठी नवा करार (१८११) ख्रिस्ती करण्यासाठी. केरींच्या पुस्तकांतली मराठी ठिकठिकाणी अडखळते, ती वाचताना हसूही येते. पण आपण तिथे आरती ओवाळायला जायचे नाही आहे. आपल्या भाषेच्या छपाईची नोंद जिथे घडली तिथे करायची आहे, एवढेच.

डेन्मार्कने हे गाव १८४५ साली कंपनीला विकून टाकले. तरीही त्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अलीकडे पुढाकार घेऊन इथल्या जुन्या वास्तूंच्या डागडुजीला हात लावला. सेंट ओलाव्ह चर्चच्या कामाला २०१६ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्या मानाने माझे मागणे किरकोळ आहे. पश्चिम बंगाल सरकार आणि दफनभूमीची व्यवस्था पाहणारे यांच्याशी पत्रव्यवहार करून प्रवेशद्वाराशी एक पाटी लावावी : मराठी, बंगाली आणि इंग्रजीत. केरींच्या नावाबरोबर वैजनाथ पंडित आणि पंचानन कर्मकार यांची नावे तिच्यावर त्याच आकाराच्या अक्षरांत असावीत. मराठी मजकुराची एक ओळ मोडीत आली तर उत्तमच.

दुसरे काम मुंबईत बसून होणार नाही. श्रीरामपूर कॉलेजात केरींच्या नावाचे ग्रंथालय आहे. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठातून मोडी वाचता येणारा एखादा अभ्यासक तिथे पाठवावा. श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेली मराठी पुस्तके तिथे आणि इतर ग्रंथालयांत कुठे, कोणत्या अवस्थेत आहेत, याची त्याने यादी करावी. राज्य मराठी विकास संस्थेने ती स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत. वैजनाथ पंडित विदर्भाकडचे, विद्यापीठही विदर्भातले. तेव्हा हे काम त्यांच्याकडेच शोभेल.

पाटीचा मजकूर ठरवताना तो इतिहासकार आणि मोडीच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा. मंत्रालयात लिहिला गेला तर त्यात सर्वात मोठे नाव उद्घाटकांचे असेल, अशी मला भीती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा एक वाचक