बाबांच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल

आई, बाबा,

रविवारी निघताना बाबांच्या डब्यातल्या गुडघेदुखीच्या कॉम्बिफ्लामच्या सगळ्या स्ट्रिप मी उचलून आणल्यात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनाही सांगितलंय, चिठ्ठीशिवाय देऊ नका. बाबा, रागावू नका हं. तोंडावर बोलले असते तर "इतकी वर्षं घेतोय, काय झालं?" म्हणून तुम्ही पेपर उघडला असता, म्हणून लिहितेय.

पूर्वीचं वेगळं होतं ना, तेव्हा अँजिओप्लास्टी झाली नव्हती. आता रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिन) आहे, बीपीची टेल्मिसार्टन आहे, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध पण आहे. आणि कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. ते आयब्युप्रोफेन रक्तातल्या प्लेटलेटवर इकोस्प्रिनचीच जागा अडवून बसतं, मग हृदयासाठी घेतलेली गोळी वाया जाऊ शकते, वर दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. बीपीची, लघवीची आणि ही अशी तिन्ही औषधं एकत्र आली की किडनीवर ताण येतो, अंगात पाणी कमी असलं तर फारच.

म्हणून मला वारीतल्या दिवे घाटाची धास्ती वाटते. घामाने शर्ट ओला, वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी प्यायचं नाही आणि निघताना दोन गोळ्या. यंदा सासवडपर्यंत नको ना बाबा. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माऊलींचं दर्शन घेऊ, हडपसरपर्यंत मी तुमच्याबरोबर चालते, मग गाडीने घरी. वारी मोडली असं मनात आणू नका, प्लीज.

गुडघा दुखतो ते मला कळत नाही असं नाही. लहानपणी माझे पाय दुखायचे तर तुम्ही कोमट तेल लावून चोळत बसायचात, मला झोप लागली तरी हात थांबायचा नाही. डॉक्टरांशी बोललेय, सध्या नुसती पॅरासिटामॉल ५००, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. शेकायची पिशवी नवीन घेतलीय, संडासात धरायला दांडा बसवायला मिस्त्री शनिवारी येईल, चहा देऊ नकोस गं आई, तो थांबत नाही.

आई, तुझ्या सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉल असतं, पाकिटावर वाच, ती बाबांना द्यायची नाही. आणि इकोस्प्रिन, बीपीची गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करायची नाही. शौचाला काळं झालं, पाय सुजले, लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता मला फोन, रात्री दोनला पण.

गुरुवारी चारला डॉक्टरांकडे जायचंय. घरातल्या सगळ्या गोळ्या, त्या शेजारच्या काकूंनी दिलेल्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत भरून ठेवा. मी गाडी घेऊन येते, बाबांनी जिना एकट्याने उतरायचा नाही.

तुमची,
छकुली