ती बीअर बिघडलेली नसते, दादा

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बीअर आंबली की टाकून द्यायची, की चार लोकांना बोलावून पाजायची?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. मला घरी मुद्दाम आंबट बीअर करण्याचं किती वेड आहे हे तुला एकदा नीट सांगायचंच होतं.

नेहमीच्या बीअरमध्ये एकाच जातीचं यीस्ट घालतात आणि बाकी कुणी आत शिरू नये म्हणून भांडी निर्जंतुक ठेवतात. आम्ही त्या यीस्टच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू मुद्दाम येऊ देतो, शिवाय ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट, आम्ही त्याला नुसतं ब्रेट म्हणतो. आंबटपणा येतो तो जिवाणूंमुळे. पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त; साध्या बीअरचा ४ ते ४.५ असतो, आमची ३.२ ते ३.६ पर्यंत उतरते. ब्रेटचं काम फार संथ. पेडिओकॉकस मध्येच कधीतरी बीअर चिकट, तार सुटेल अशी करून ठेवतो आणि तिला लोण्याचा वास येतो. त्या वेळी ती कुणाला द्यावीशी वाटणार नाही. पण पुढच्या काही महिन्यांत ब्रेट तो चिकटपणा आणि तो वास दोन्ही संपवतं. म्हणून वर्ष-दीड वर्ष तिला हातसुद्धा लावायचा नाही. हे यीस्ट १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीतले शास्त्रज्ञ क्लाउसेन यांनी जगापुढे मांडलं. इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरना जी खास चव होती, तिच्यामागे हेच असल्याचं त्यांनी दाखवलं.

बेल्जियममध्ये ब्रुसेल्स आणि शेजारच्या पायोटनलांड भागात तर यीस्ट घालतच नाहीत. गहू आणि सातूच्या माल्टचा (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांचा) उकळलेला अर्क रुंद, उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपांत वस्तीला असलेले जीव उरलेलं काम करतात. हे फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. उन्हाळ्यात नको ते जीव फार माजतात. या बीअरला लॅम्बिक म्हणतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा फसफसू दिली की ती ग्यूझ होते.

आता आम्ही घरी बीअर करणारे चाखायला जमतो त्या बैठकीबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे. प्रत्येकाने आपली बाटली आणायची, प्रत्येकाला दोन-तीन घोटच मिळणार. आधी हलकी, मग आंबट, सगळ्यात तीव्र ती शेवटी. एकदा जीभ आंबट झाली की पुढचं काहीच कळत नाही. ग्लास आधी नाकाशी न्यायचा. वाळलेलं गवत, चामडं, अननस, कधी तबेला, असे वास ब्रेटमुळे येतात आणि ते आम्हाला आवडतात. नेलपॉलिशचा वास आला की हवा लागली असं समजायचं. उलटीसारखा वास आला तर त्यावर चर्चाच नाही.

मागच्या बैठकीत एका वयस्कर गृहस्थांची सोनेरी बीअर होती. बूच निघालं, बारीक फेस वर आला, वासात लिंबाची साल आणि गवत. पहिला घोट अप्रतिम होता. गिळल्यावर काही सेकंदांनी मात्र जिभेच्या मागे उंदराच्या बिळासारखा वास चढायला लागला. हा दोष नाकाला सापडत नाही. आंबट बीअरमध्ये तो दबलेला असतो आणि लाळेमुळे तोंडातला आंबटपणा कमी झाला की मोकळा होतो. काहींच्या जिभेला तो मुळी कळतच नाही, आणि त्या गृहस्थांना खरंच कळत नव्हता. आम्ही तिघांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे वहीत नोंद केली. हा दोष बहुतेक वेळा मुरवल्यावर जातो, त्यामुळे बाकीच्या बाटल्या त्यांनी पुढच्या वर्षासाठी ठेवल्या आहेत. घरी एकट्याने चाखून हे त्यांना कधीच समजलं नसतं, म्हणून मला या बैठका इतक्या मोलाच्या वाटतात.

मिश्रणाचं काम तर मला सगळ्यात आवडतं. माझी एक बीअर झणझणीत आंबट झाली आहे. मैत्रिणीची गोल आणि मऊ आहे, पण तिच्यात धार नाही. मोजपात्रात सत्तर-तीस, साठ-चाळीस असं थोडं थोडं घेऊन कोणतं कुठलं ते न सांगता आम्ही सगळ्यांना चाखायला दिलं. मैत्रिणीची सत्तर आणि माझी तीस, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोन्ही वेगवेगळ्या प्यायलास तर हात पुढे करणार नाहीस, पण एकत्र केल्यावर जर्दाळूसारखी चव आली.

उठताना कुणी रिकाम्या बाटल्या टाकत नाही. तळाचा गाळ ज्याला हवा तो स्वच्छ बरणीत भरून नेतो आणि विरजणासारखा आपल्या नव्या अर्कात घालतो. असं एकाच्या घरचं ब्रेट आता आम्हा सगळ्यांकडे पोचलं आहे.

आईला काळजी वाटत असेल तर सांग, बाटल्या मी जपूनच भरते. साध्या यीस्टला न पचणारी साखरही ब्रेट खातं. साखर संपत जाते तशी बीअरची घनता उतरते. ती १.०१० असताना बाटली बंद केली आणि ती पुढे १.००२ ला आली, तर आत बीअरच्या आकारमानाच्या चौपट वायू वाढतो आणि साधी बाटली फुटू शकते. महिन्याच्या अंतराने घनता मोजणारा हायड्रोमीटर तोच आकडा दाखवत राहिला तरच मी बाटल्या भरते, आणि त्याही शॅम्पेनच्या जाड काचेच्या.

तू इकडे येशील तोवर ते सत्तर-तीसचं मिश्रण तयार झालेलं असेल. त्याच्या शेजारी त्या दोन मूळ बीअरही ठेवते. आधी त्या चाख, मग मिश्रण, आणि काय वाटलं ते मला खरंखरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नकोस.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण सांग.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच