सीट मॅपवरचे राखाडी आसन भरलेलेच असते असे नाही

महोदय,

एकाच विमानाच्या सीट मॅपवर एका प्रवाशाला चौथ्या रांगेतले खिडकीचे आसन फुकट दिसते, दुसऱ्याला त्याच आसनावर रक्कम दिसते आणि तिसऱ्याला ते राखाडी, म्हणजे मिळण्यासारखेच नसलेले दिसते. तिघेही त्याच कंपनीचे ‘फ्रिक्वेंट फ्लायर’, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेचे सदस्य. मग कंपनी मनमानी करते असा समज होतो. प्रत्यक्षात हे बऱ्यापैकी ठरीव गणित आहे, फक्त ते प्रवाशाला कोणी सांगत नाही.

आसन विकले गेले आहे का आणि ते तुम्हाला द्यायचे का, या आरक्षण प्रणालीत दोन वेगळ्या नोंदी असतात. पुढच्या रांगा, एक्झिट रो (आपत्कालीन दाराजवळची रांग) आणि भिंतीसमोरची पाळणा लावता येणारी रांग कंपनी आधीच ब्लॉक करून ठेवते. काही आसने वरच्या टियरच्या (सदस्यत्वाच्या श्रेणीच्या) प्रवाशांसाठी, काही तान्ह्या बाळासह येणाऱ्यांसाठी, तर काही थेट विमानतळावरच्या काउंटरसाठी. तुम्ही सीट मॅप उघडला की प्रणाली पीएनआरमधला (आरक्षणाच्या नोंदीतला) सदस्य क्रमांक, टियर, तिकिटाचा फेअर (दराचा प्रकार) आणि उड्डाणाला उरलेला वेळ पाहते व त्यानुसार आसने खुली करते. यामागे धंदा आहे. सतत फिरणारा कंपनीचा अधिकारी मुंबई-दिल्लीचे तिकीट आदल्या दिवशी, महागात काढतो. तोवर पुढची आइलची सगळी आसने दोन महिने आधी स्वस्तात तिकीट काढणाऱ्यांनी घेतली, तर त्याच्या वाट्याला मागचे मधले आसन येईल आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या कंपनीकडे जाईल.

टियरनुसार नुसती आसने बदलत नाहीत, ती उघडण्याची वेळही बदलते. मुंबई-लंडन मार्गावरील ब्रिटिश एअरवेजचे उदाहरण घ्या. सिल्व्हर आणि गोल्ड सदस्य आरक्षण करतानाच फुकट आसन निवडतात, ब्राँझ सदस्य सात दिवस आधी आणि बाकीचे ऑनलाइन चेक-इन सुरू झाल्यावर, म्हणजे २४ तास आधी. अमेरिकेच्या युनायटेडमध्ये जास्त लेगरूमच्या ‘इकॉनॉमी प्लस’साठी सिल्व्हर सदस्याला चेक-इनपर्यंत थांबावे लागते, गोल्डला आरक्षणाच्या वेळीच ते मिळते. म्हणून ‘मीही मेंबर आहे’ एवढ्याने काही ठरत नाही.

गोंधळ सर्वात जास्त होतो तो अलायन्समुळे, म्हणजे एकमेकींच्या सदस्यांना सवलती देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटांमुळे. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. तिच्या वरच्या टियरमुळे स्टार गोल्ड हा अलायन्सचा दर्जा मिळालेल्या प्रवाशाला त्याच गटातल्या लुफ्थान्सावर लाउंज, जादा सामान, आधी बोर्डिंग हे सारे मिळते. फुकट आसन निवड मात्र स्टार गोल्डच्या सामाईक लाभांत नाहीच. ती ज्या त्या कंपनीची मर्जी. वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्समध्ये याउलट आसन निवडीची सवलत टियरच्या लाभांतच धरलेली आहे. कोडशेअरमध्ये आणखी एक पेच असतो. तिकीट एका कंपनीचे, विमान दुसरीचे, आणि आसने विमान उडवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात. तिकिटावरचा पीएनआर तिच्या वेबसाइटवर बहुधा चालत नाही. तिचा स्वतंत्र पीएनआर एजंटकडून किंवा तिकीट देणाऱ्या कंपनीकडून मागून घ्यावा आणि तो घालूनच आसन पाहावे.

टियर असूनही फुकट आसन दिसत नसेल तर आधी नाव तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते. तिकिटावर ते पहिल्या नावाला जोडून छापले जाते आणि सदस्य खात्यात मात्र ते नसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांची खाती जुन्याच आडनावाची राहतात. नाव जुळले नाही की प्रणाली क्रमांक स्वीकारत नाही, किंवा स्वीकारूनही टियर लागू करत नाही. क्रमांक एजंटने घातला असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतः लॉगिन करून तिथूनच आरक्षण उघडा. एजंटच्या स्क्रीनवर दिसणारा दर तुमच्या टियरचा असेलच असे नाही. घरातल्या एकाचाच टियर असेल तर सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढा. बऱ्याच कंपन्या सवलत सहप्रवाशांनाही देतात, पण पीएनआर फोडून प्रवासी वेगवेगळे केले की ती जाते आणि निवडलेली आसनेही जाऊ शकतात.

टियर कितीही मोठा असो, आरक्षणात तान्हे बाळ किंवा व्हीलचेअरची मागणी असेल तर एक्झिट रो मिळत नाही. तो सुरक्षेचा नियम आहे, त्यावर वाद घालू नये. (एअरबस ए३२० मध्ये पंखावर लागोपाठ दोन एक्झिट रो असतात. त्यातल्या पुढच्या रांगेची पाठ सहसा मागे झुकत नाही. पैसे मोजून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.) शिवाय विमान बदलले की सीट मॅप नव्याने बसवला जातो. वेळापत्रक बदलल्याचा मेल आला की त्याच दिवशी आसन पुन्हा पाहावे.

टियर नसलेल्यांनी राखाडी रंगाला घाबरून घाईने पैसे भरू नयेत. ब्लॉक केलेल्या आसनांपैकी बरीच चेक-इन उघडताना सुटतात, आणि वरच्या वर्गात अपग्रेड झालेल्यांची तर अगदी शेवटच्या काही तासांत. भारतात आसन निवडीचे शुल्क ऐच्छिक आहे. डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या परिपत्रकानुसार ते प्रवाशाने स्वतः मागितले तरच आकारता येते. निवड न करता पुढे गेलात तरी चेक-इनला आसन मिळतेच. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकासोबत आसन द्यावे, असा आदेशही डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. तरीही ‘निवड न करता पुढे’ हा पर्याय बहुतेक अ‍ॅपमध्ये बारीक अक्षरांत कोपऱ्यात असतो आणि पैसे भरण्याचे बटण ठळक.

नेहमीच्या ग्राहकाला कंपनीने झुकते माप द्यावे, याला हरकत असण्याचे कारण नाही. खरा आक्षेप वेगळा आहे. विकले गेलेले आसन, टियरसाठी राखलेले आसन आणि काउंटरच्या ताब्यातले आसन ही तिन्ही सामान्य प्रवाशाला एकाच राखाडी रंगात दिसतात. विमान भरत आले असे वाटून तो उरलेल्या मोजक्या आसनांपैकी एकासाठी पैसे भरतो, आणि प्रत्यक्षात तेव्हा अर्धे विमान रिकामे असू शकते. डीजीसीएने ‘विकले गेले’ आणि ‘राखीव’ यांना वेगळे रंग द्यायला लावावे आणि राखीव आसने उड्डाणाच्या किती तास आधी खुली होतील, ते सीट मॅपखाली छापायला सांगावे. ही माहिती कंपन्यांच्या प्रणालीत आजही आहे.

आपला,
विमान आरक्षण क्षेत्रातील एक कर्मचारी, ठाणे