मधला बोअर आणि उत्तरेचा कोपरा

महोदय,

पाऊस ओसरला की सांगलीत पायाची खोदाई सुरू होते, म्हणून आत्ताच लिहितो. मी माती-तपासणी प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होतो.

आमच्या कॉलनीच्या सभागृहासाठी मधोमध एकच बोअर, म्हणजे माती तपासायचं खोल भोक, घेतला. ठोके आले २१. जास्त ठोके म्हणजे माती घट्ट, म्हणून सगळे खूश. दोन वर्षांत उत्तरेच्या भिंतीला तिरका तडा गेला. मग आणखी दोन बोअर झाले. एकात १७ आणि उत्तरेच्या कोपऱ्यात ७! तिथं पूर्वी ओघळ होती, कुणीतरी काळ्या मातीनं बुजवलेली.

ठोके म्हणजे काय, तर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडत नळी ४५ सेंटिमीटर आत घालायची. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडायचे, पुढच्या ३० चे धरायचे. पण दुपारी पोरं दमतात, हातोडा साठवरूनच सुटतो आणि ठोके वाढतात. मुरमात धोंडा आडवा आला तरी वाढतात. कागदावर माती मजबूत! काळ्या रानाचं तर विचारूच नका. मे महिन्यात पहारीला दाद देत नाही, ऑगस्टमध्ये तिथंच पाय रुततो. अहवालात बोअरची तारीख नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय?

दुरुस्तीच्या वेळी २१, १७ आणि ७ यांची सरासरी १५ धरली गेली. अहो, उत्तरेचा कोपरा सातचाच राहिला ना! तिथला पाया तरी वेगळा घ्या, नाहीतर सगळाच सातच्या हिशेबानं. पाया आखताना मातीची ताकद अडीच किंवा तीननं भागतात ती तिच्या लहरीपणासाठी. न घेतलेला बोअर त्यात भरून निघत नाही.

पायासाठी जमीन तपासण्याचं भारतीय मानक आहे, क्रमांक १८९२. त्याच्या १९७९ च्या आवृत्तीत ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर सांगितला आहे. लहान इमारतीला मधला एक पुरे, असंही तिथंच आहे. आमच्याकडे तेवढीच ओळ सगळ्यांना पाठ!

कॉलनीच्या वाचनालयाचं काम दिवाळीनंतर निघणार आहे. कोपऱ्यात बोअरची गाडी जात नाही, हे कारण यंदा नको. हातोडा टांगायचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावरून नेता येतं. ठोके मोजायला मी येतो.

– एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, विश्रामबाग, सांगली